पांढऱ्यातला पिवळा, काळ्यातला तांबडा

मराठीत रंगाच्या नावाला शेपूट लावायची फार चांगली सोय आहे. निळा-निळसर, पिवळा-पिवळट, तांबडा-तांबूस, काळा-काळपट, पांढरा-पांढुरका. साडीच्या दुकानात गादीवर बसलेल्या बायका आजही याच भाषेत बोलतात. ‘हा नको, जरा हिरवट मारतोय.’ हे ‘मारणं’ म्हणजे रंगाची झाक. न्यूट्रल म्हणून जे रंग विकले जातात, म्हणजे पांढरा, मोतिया, बदामी, मातकट, खाकी, तपकिरी, राखाडी, काळा, गडद निळा, त्यांच्यात सगळा खेळ या झाकेचाच असतो.

न्यूट्रल म्हणजे कशावरही चालणारा, असं धरून आपण खरेदी करतो आणि घरी येऊन फसतो. राखाडी पँट साधी, बदामी शर्टही साधा, पण दोन्ही एकत्र घातले की धुवायला टाकायचे कपडे चुकून घातल्यासारखे दिसतात. राखाडीत निळा असतो, बदामीत पिवळा, आणि दोघं एकमेकांना उघडं पाडतात. लालभडक कापडात थोडा नारिंगी मिसळलेला असला तरी डोळ्याला ते लालच दिसतं. सौम्य रंगात मुळात रंगच इतका थोडा असतो की जी काही झाक असेल तीच त्याची ओळख होऊन बसते.

त्यामुळे कपाटात कोणते रंग हवेत हा प्रश्न नंतरचा. आधी झाक कुठल्या बाजूची ते ठरवायचं. शाळेत असताना चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षा दिलेल्यांना उष्ण आणि शीत रंगसंगती आठवत असेल, तीच वाटणी इथे लागू पडते. पिवळट, तांबूस, तपकिरीकडे झुकणारे ते उष्ण. निळसर, जांभळट झुकणारे ते शीत. हिरवट झाक मधली आणि सगळ्यांत फसवी.

ती ओळखायची एक सोपी रीत आहे. चित्रकलेच्या वहीचा मागचा राखाडी पुठ्ठा घ्या. त्यात शेजारी शेजारी तीन-तीन सेंटिमीटरच्या दोन चौकोनी खिडक्या कापा, मध्ये बोटभर जागा ठेवा. एका खिडकीखाली एक कापड, दुसरीखाली दुसरं. आजूबाजूचं सगळं झाकलं गेलं की ‘एकसारखे’ वाटणारे दोन राखाडी लगेच वेगळे होतात, एक निळा पडतो, एक मातकट. एकटं कापड बघून झाक सहसा कळत नाही, तुलनेतच कळते. म्हणून बदामी घ्यायचा असेल तर दुकानदाराला चार बदामी एकदम काढायला सांगावेत. चौघांत एक गुलाबी, एक पिवळा, एक हिरवट आणि एक राखाडीकडे जाणारा निघतोच.

कागदाचा पांढरा मात्र प्रमाण धरू नका. झेरॉक्सच्या कागदातच निळसर चमक आणणारं रसायन असतं, त्याच्याशेजारी चांगलं पांढरं सुती कापडही पिवळट वाटतं. दोन कापडांची एकमेकांशी तुलना करायला तो चालेल, एवढंच.

आणि हे सगळं दुकानातल्या दिव्याखाली करण्यात अर्थ नाही. कापड घेऊन दुकानाच्या दारात यायची आपल्याकडची जुनी सवय शास्त्राला धरून आहे. सूर्यप्रकाशात सगळ्या रंगांचे किरण सलगपणे असतात. ट्यूबलाइटमध्ये काही ठरावीक रंग जोरात आणि काही जवळजवळ नाहीत. दोन वेगळ्या रसायनांनी रंगवलेली कापडं अशा दिव्याखाली तंतोतंत जुळू शकतात आणि उन्हात गेल्यावर फाटाफूट होते. कुर्ता सुती आणि लेगिंग पॉलिस्टरमिश्रित असली की हे हमखास घडतं, कारण सुताला लागणारा रंग पॉलिस्टरला लागतच नाही, दोन्हींचे रंग मुळापासून निराळे. दारातसुद्धा थेट उन्हात धरू नका, सावलीत धरा. संध्याकाळी पाचनंतरचा पिवळा उजेड सगळ्याच कापडांना ऊब देतो, तेव्हा बदामी रंग घेऊच नये.

पांढऱ्याबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यांत जास्त चुका इथे होतात. कपाटात पांढरे म्हणून जे पाच कपडे असतील ते एकत्र काढून खिडकीशी ठेवा. त्यात निदान तीन प्रकार सापडतील. पहिला ट्यूबलाइटसारखा निळसर पांढरा. दुसरा दुधी, जवळजवळ बिनझाकेचा. तिसरा मोतिया किंवा सायीच्या रंगाचा, ज्यात पिवळा स्पष्ट आहे. पहिल्या प्रकारातला पांढरेपणा कापडाचा नसतो. डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण शोषून ते निळ्या प्रकाशाच्या रूपात बाहेर टाकणारं रसायन त्यावर बसवलेलं असतं. म्हणून तो शर्ट उन्हात झगझगतो आणि घरातल्या एलईडीखाली मंद पडतो, कारण एलईडीत अतिनील किरण जवळपास नसतात. हेच रसायन बहुतेक कपडे धुण्याच्या पावडरींमध्येही असतं. सायीच्या रंगाचा सुंदर कुर्ता आठ-दहा धुण्यांत ना सायीचा ना पांढरा असा होतो, त्याला कारण हे. मोतिया, बदामी आणि नैसर्गिक रंगाच्या कपड्यांसाठी असं चमक आणणारं रसायन नसलेला द्रव साबण घ्यावा किंवा रिठ्याचं पाणी वापरावं. रिठा सुतापेक्षा रेशमाला जास्त मानवतो.

निळीचं काम वेगळं. नीळ प्रकाश वाढवत नाही. पिवळेपणावर निळा चढवून ती तो झाकते, त्यामुळे कापड पांढरं दिसतं पण बारकाईने पाहिलं तर किंचित गडद झालेलं असतं. अर्ध्या बादलीला, म्हणजे सात-आठ लिटर पाण्याला, चार-पाच थेंब पुरतात. नीळ आधी पाण्यात नीट ढवळायची, कपडा आधी साध्या पाण्यातून काढून सगळीकडे सारखा ओला करायचा आणि मगच बुडवायचा. कोरडा कपडा टाकला की जिथे पाणी आधी शिरतं तिथे नीळ जास्त बसते आणि ढग उठतात. थेंब थेट कपड्यावर पडले तर ठिपके. जास्त झाली तर घाबरू नये, पुन्हा साबणाने धुतल्यावर बरीचशी उतरते. मोतिया कपड्याला नीळ कधीही देऊ नका. पिवळा आणि निळा मिळून तो हिरवट-राखाडी, मेलेला दिसतो.

काखेतला पिवळा डाग हा नुसता घामाचा नसतो. घाम न येण्यासाठी लावतात त्या स्टिकमधले अॅल्युमिनियमचे क्षार आणि घाम मिळून तो बनतो. त्यावर क्लोरीनचं ब्लीच ओतलं तर डाग आणखी पक्का होऊ शकतो, शिवाय लवचिक धागा असलेलं कापडच पिवळं पडतं. सुती कपडा असेल तर ऑक्सिजन ब्लीचची पावडर कोमट पाण्यात विरघळवून तासभर भिजवावा. रेशीम आणि लोकर यांना यातलं काहीच लावायचं नाही. बोअरचं पाणी असेल त्या घरात पांढरा हळूहळू तांबूस होतो, तो पाण्यातल्या लोहामुळे. तिथे शेवटचं खंगाळणं तरी गाळलेल्या किंवा नळाच्या पाण्यात करावं, नाहीतर सरळ मोतियाच घ्यावा.

पांढऱ्या कपड्याच्या आत पांढरं घालणं ही आणखी एक सार्वत्रिक चूक. पातळ पांढऱ्या कुर्त्याखाली पांढरी स्लिप लांबूनही उठून दिसते, कारण तिची कड जिथे संपते तिथे कातडीचा गडदपणा सुरू होतो. आतला कपडा आणि अस्तर आपल्या कातडीच्या रंगाच्या जवळचं असावं. बाजारात ‘स्किन’ म्हणून जो गुलाबीसर रंग मिळतो तो आपल्यातल्या फार थोड्यांच्या कातडीचा असतो. शिंप्याकडे अस्तर देताना हाताच्या आतल्या बाजूला कापड लावून बघा आणि त्याच रंगाचं द्या, मग ते तपकिरी का असेना.

न रंगवलेल्या कापडाचा रंग मला या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. मांजरपाट घ्या. कोऱ्या सुतावर कापसाचं मूळ मेण आणि रंगद्रव्य तसंच असतं, म्हणून तो मळकट पिवळा, बारीक काळ्या ठिपक्यांचा. ते ठिपके सरकीच्या सालीचे कण. धुवत गेलं की तो उजळतो आणि मऊ होतो. शिवण्याआधी रात्रभर पाण्यात ठेवून आटवून घ्यायलाच हवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बाह्या मनगटावर चढतात. विदर्भात टसर आहे. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याच्या कोशाचा तो मूळचा मधाळ बदामी रंग, आणि त्याच टसरावर विणलेली करवतकाठी साडी. करवतीच्या दात्यांसारखी काठाची नक्षी, म्हणून ते नाव. अंगावर हा रंग उन्हात सोनेरी आणि सावलीत राखाडी दिसतो, कारण टसरचा धागा एकसारखा जाड नसतो आणि प्रकाश जागोजागी वेगळा परततो. रंगवून आणलेल्या बदामीला ही हालचाल कधीच येत नाही. धनगरी घोंगडीचा काळाही तसाच, मेंढीच्या अंगावरचा. तो तपकिरीकडे झुकतो. हे सगळे रंग उष्ण बाजूचे आहेत आणि एकमेकांशी भांडत नाहीत, हे त्यांच्याकडून फुकट मिळणारं.

आता काळा. काळा म्हणजे काळा, असं वाटतं तोवरच ठीक. सुती काळ्यासाठी गंधकयुक्त रंग फार वापरला जातो. तो स्वस्त आणि गडद, पण घासण्याने उतरतो, आणि उतरताना तपकिरी किंवा हिरवट होत जातो. पॉलिस्टरचा काळा वर्षानुवर्षं टिकतो, त्याला निळसर झाक असते. जुनी सुती सलवार आणि नवा पॉलिस्टर कुर्ता एकत्र घातला की सलवार गंजल्यासारखी दिसते ती यामुळे. काळ्याला काळा जुळवायचाच असेल तर एकाच ताक्यातलं कापड घ्या. ते शक्य नसेल तर जुळवायचा प्रयत्न सोडून द्या आणि पोत मुद्दाम वेगळा ठेवा: खालचा जाडसर आणि निस्तेज, वरचा रेशमी किंवा विणीचा. पोत वेगळा आहे हे दिसलं की डोळा रंगातला फरक माफ करतो.

शेजारचा रंग काळ्याचं काय करतो याची एक जुनी गोष्ट आहे. पॅरिसच्या गोब्लाँ या गालिचे-पडदे विणणाऱ्या राजकारखान्यात मिशेल शेव्ह्रल हे रसायनतज्ज्ञ रंगविभागाचे प्रमुख होते. तिथल्या काळ्या धाग्यात दम नाही, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी धागा तपासला तर तो इतर ठिकाणच्या काळ्याइतकाच चांगला होता. दोष होता शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा. प्रत्येक रंग आपल्या विरुद्ध रंगाची छटा शेजाऱ्यावर टाकतो, निळा काळ्यावर नारिंगी टाकतो आणि काळा विटका वाटतो. 1839 साली त्यांनी हा सिद्धांत सविस्तर प्रसिद्ध केला. रोजच्या कपड्यांत त्याचा उपयोग असा: भडक निळ्या किंवा जांभळ्या कुर्त्याखाली जुना काळा घालू नका. लाल साडीवर राखाडी ब्लाऊज हिरवट दिसणार, म्हणून तिथे किंचित तांबूस राखाडी घ्या. मोरपंखी ओढणीशेजारी बदामी गुलाबी पडतो, पुष्कळदा ते छानच दिसतं.

राखाडीबद्दल एवढंच की तो पोताशिवाय उभा राहत नाही. सपाट, पातळ, मध्यम राखाडी टी-शर्ट घामाचा प्रत्येक थेंब दाखवतो. पांढरा आणि गडद निळा तो लपवतात. मुंबईच्या लोकलने जाणाऱ्याने हा एक रंग तरी वरच्या कपड्यात टाळावा.

खाकी हा शब्द फारसीतल्या खाक म्हणजे धुळीपासून आला. 1846 साली पेशावरात उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीला हॅरी लम्सडेन यांनी मातीच्या रंगाचे कपडे दिले, तिथून तो फौजेत आणि पुढे पोलिसांत पसरला. त्यामागचं तत्त्व आपण विसरलो: ज्या मातीत फिरायचं तिच्या रंगाचे कपडे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात जांभ्याची तांबडी माती असताना पावसाळ्यात राखाडी पँट घेणं म्हणजे रोज घोट्यापाशी तांबडी रांगोळी. तिथे विटकरी-तपकिरी किंवा गडद तांबूस मातकट हवा. देशावरच्या काळ्या मातीत नेमकं उलट, तिथे कोळशासारखा राखाडी टिकतो आणि फिकट खाकी हरते. तांबड्या चिखलाचा डाग ओला असताना चोळू नका, माती धाग्यात घुसते. पूर्ण वाळू द्या, ब्रशने झटका, मग उलट्या बाजूने नळाची धार सोडा आणि शेवटी साबण. क्लोरीनच्या ब्लीचचा इथेही उपयोग नाही, कारण हा रंग लोहाचा आहे.

चेहऱ्याशी येणारा रंग निवडताना मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या ते बघा, असा सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर अनेकांच्या शिरा हिरवटच दिसतात, त्यामुळे त्यातून निर्णय होत नाही. आपल्यासाठी झाकेइतकाच उजेड-गडदपणाचा फरक महत्त्वाचा. कातडी आणि कापड एकाच पातळीचे झाले की चेहरा कापडात विरघळतो आणि माणूस दमलेला दिसतो. गव्हाळ कातडीवर मध्यम बदामी नेमका हेच करतो, आणि न्यूट्रल म्हणून सर्वांत जास्त विकला जातो तोही हाच. तपासायला फोन पुरे. खिडकीकडे तोंड करून उभं राहा, कापड हनुवटीखाली धरून फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. चेहरा आणि कापड एकाच राखाडी पट्टीत आले असतील तर तो रंग कमरेखाली वापरा. वर घ्यायचा तर त्याहून दोन पायऱ्या उजळ, म्हणजे मोतिया, किंवा दोन पायऱ्या गडद, म्हणजे कॉफी. हेच मूळ रंगीत फोटो जवळून पाहताना डोळ्यांखाली आणि ओठांच्या कडेला बघा. झाक चुकली असेल तर कापडावरून परतणारा उजेड तिथली सावली गडद करतो.

कपाटाची जुळणी पायापासून सुरू करावी, कारण चपला-बूट थोडे असतात, महाग असतात आणि रोज बदलले जात नाहीत. कोल्हापुरी चप्पल घालत असाल तर तिचं वनस्पतींनी कमावलेलं कातडं मधाच्या रंगाचं असतं, तेल मुरत गेलं की आणखी गडद होतं. ते ठाम उष्ण आहे. त्यावर मोतिया, खाकी, तपकिरी आणि गडद निळा सुरेख बसतात. निळसर राखाडी बसत नाही. काळे बूट असतील तर शीत बाजू सोपी जाते. बायकांच्या बाबतीत गळ्याकडेही बघावं. रोज मंगळसूत्र घालणाऱ्या बाईच्या गळ्यात काळा आणि सोनेरी हे दोन रंग आधीच ठरलेले असतात, आणि त्या दोघांना मोतिया, टसरचा बदामी, कॉफी असे उष्ण रंग निळसर पांढऱ्यापेक्षा जास्त शोभतात. मोत्याची नथ किंवा कुड्या असल्या की दुधी पांढरा सुद्धा.

मग तीन खालचे कपडे घ्या: एक गडद, एक मध्यम, एक उजळ, तिघांची झाक एकच. उदाहरणार्थ कॉफी, खाकी, मोतिया. किंवा गडद निळा, कोळशासारखा राखाडी, दुधी. त्यावर पाच वरचे, ज्यातले दोनच याच कुळातले आणि तीन आपल्या आवडीचे रंगीत. पंधरा जोड्या होतात आणि पंधराही खरोखर घालता येतात. दोन्ही कुळं मिसळली की निम्म्या जोड्या कागदावरच राहतात. गडद निळा हा एकच दोन्हीकडे चालतो, म्हणून पैसे एकाच पँटचे असतील तर तिचे घ्या. साड्यांसाठी तीन ब्लाऊज पुरे: काळा, मोतिया आणि जुन्या सोन्याच्या रंगाचा. चकचकीत सोनेरी नको, तो प्रत्येक जरीशी स्पर्धा करतो. जुनं सोनं पैठणीच्याही शेजारी गप्प बसतं.

गडद रंग ठरवताना आपल्या घरातले सणवारही ध्यानात घ्यावेत. संक्रांतीला काळी चंद्रकळा हौसेने नेसतात, पण बारशाला, मुंजीला, लग्नाला काळं अजूनही अनेक घरांत चालत नाही. कॉफी, गडद निळा किंवा शेवाळीकडे झुकणारा गडद हिरवा वर्षभर सगळीकडे जातो. काळ्यावर सगळी भिस्त ठेवली तर ऐन लग्नसराईत कपाट निम्मं रिकामं होतं.

शेवटी ताक्याविषयी. कापड घेऊन शिवत असाल तर सलवार किंवा पँट एकाऐवजी दोनांची घ्या, सलवारीला अडीच मीटरऐवजी पाच. बसून-उठून खालचा कपडा आधी विरतो, वरचा धड असतो, आणि वर्षाने त्याच दुकानात, त्याच गिरणीचं, त्याच नंबरचं कापड मागितलं तरी येतं ते दुसऱ्या घाण्यातलं. रंगाऱ्याच्या भांड्यातला प्रत्येक घाणा थोडा वेगळा उतरतो. लाल-हिरव्यात ते कळणार नाही, खाकीत मात्र दारातच कळेल. दुसरं कापड न शिवताच गुंडाळून ठेवा, जुन्या मलमलीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको आणि खळ घातलेलं तर अजिबात नको, पावसाळ्यात बुरशी आधी खळीलाच लागते. आणि पहिली पँट शिवायला देण्याआधी दोन्ही तुकडे एकत्र धुवा, म्हणजे उतरायचा तो पहिला रंग दोघांचा सारखाच उतरेल.